माझी चूक एवढीच

दुरुस्त होऊन गेलेली पांढरी गाडी पाचव्या दिवशी तलासरीच्या गॅरेजात परत आली. वासुदेवसाहेबांनी ती शेडच्या तोंडाशीच आडवी लावली, किल्ली बॉनेटवर फेकली आणि आत न येता बाहेरूनच हाक मारली, "नविनभाई! जरा बाहेर या."

हाक नविनभाईंना होती, पण पिकअपखाली पडलेली रूपी आधी बाहेर आली. हात पुसायलाही थांबली नाही. ह्या गाडीचा गिअरबॉक्स तिने उघडला होता आणि तिनेच बंद केला होता.

"धक्के मारतेय," साहेब म्हणाले. बोलणं तिच्याशी नव्हतंच, मागून येणाऱ्या नविनभाईंशी होतं. "दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना पाठीत लाथ बसल्यासारखं होतं. तुमच्याकडे आणायच्या आधी बरी होती म्हणायची वेळ आली."

रूपी गंजाडची, आदिवासी पाड्यावरची. आयटीआय करून ह्या गॅरेजात लागली त्याला अकरा वर्षं झाली होती. हायवेवरच्या ट्रक-टेम्पोंवर हात बसला, मग बिनक्लचच्या, ऑटोमॅटिक गाड्या येऊ लागल्या. त्यांना हात लावायला गॅरेजातला एकही गडी तयार नव्हता. बिघडलं तर निस्तरणार कोण? नविनभाईंनी तिला पंधरा दिवस सुरतेला शिकायला पाठवलं, ते खरं तर दुसरं कुणी जायला तयार नव्हतं म्हणून. ती शिकून आली आणि तेव्हापासून डहाणू-तलासरीतली असली प्रत्येक गाडी तिच्याच हाताखालून जाऊ लागली.

साहेबांची गाडी तिसऱ्या गिअरात अडकून बसायची. रूपीने आतली वाल्वची प्लेट काढली, तेलाची वाट उघडमीट करणारे दोन सोलेनॉइड बदलले, जुनं काळं तेल काढून नवं भरलं आणि स्कॅनर लावून गाडीची जुनी आठवण पुसून टाकली. असल्या गाडीचा कॉम्प्युटर वर्षानुवर्षं झिजलेल्या भागांना सांभाळून घेत चालत असतो. भाग बदलले, तेल बदललं, की जुने आडाखे चुकतात. ते पुसायचे आणि त्याला पहिल्यापासून शिकू द्यायचं. शिकेपर्यंत गाडी थोडी अडखळते.

"साहेब, गाडी नेताना मी सांगितलं होतं," रूपी म्हणाली. "दोन-अडीचशे किलोमीटर हळू, एका लयीत चालवा. धक्के बसतील, मग आपोआप कमी होतील."

आता साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "मला कुणी काही सांगितलेलं नाही."

"सांगितलं होतं. इथंच, ह्या खांबापाशी."

"रूपी," नविनभाई घाईने मध्ये पडले, "तू चूप रे. साहेब, तुम्ही बसा, चाय मागवतो. आपण चिमणभाईला बोलावू. वापीचा जूना मिस्त्री छे, एक नजरमां सांगेल."

साहेब डहाणूत सरकारी खात्यात मोठ्या जागेवर होते आणि नविनभाईंच्या शेडचा मागचा अर्धा भाग कुठल्याच कागदावर नव्हता. तेव्हा चहा आला, बिस्किटं आली, आणि तासाभरात चिमणभाईही आले.

चिमणभाईंनी गाडीला एक चक्कर मारली. उतरून त्यांनी मान हलवली. "जुन्या बॉक्सचं तेल कधी बदलायचं नसतं. जुना मळच त्याला धरून असतो. नवं तेल घातलं, सगळं सुटलं. आता बॉक्स पुन्हा उघडा. नाहीतर माझ्याकडे एक जाड औषध आहे, ते ओतू. धक्का दबून जाईल."

"दबून जाईल आणि सहा महिन्यांनी आतल्या क्लचप्लेटा जळतील," रूपी म्हणाली.

"पोरी, तुझ्या वयाइतकी वर्षं मी गिअरबॉक्स उघडतोय."

"क्लचवाले, काका. हा वेगळा आहे."

चिमणभाई हसले आणि पिशवीतून बाटली काढू लागले. रूपी जाऊन गाडीच्या पुढ्यात उभी राहिली. बॉनेटला पाठ लावून, हातातला पाना तसाच धरून. आपला आवाज एवढा चढेल असं तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

"ह्या बॉक्समध्ये कुणी काही ओतायचं नाही. मी बांधलाय. त्यात दोष नाही. मला तीन दिवस द्या, मी स्वतः शेजारी बसून चालवून घेते. नाही सुधारली, तर नविनभाई, चौथ्या दिवशी मी तुमच्या शेडात पाऊल ठेवणार नाही."

शेडातले सगळे हात थांबले.

"चालवून कोण घेणार?" साहेब म्हणाले. "गाडी माझी बायको चालवते. निम्मा दोष तिच्याच पायात आहे. सारखा ब्रेक, सारखा ब्रेक."

तेव्हा कुठे रूपीच्या लक्षात आलं, की गाडीत मागे कुणीतरी बसलेलं आहे. दार उघडलं आणि पन्नाशीच्या एक बाई खाली उतरल्या. सुती साडी, चष्मा, खांद्याला पर्स. ह्या नयनाबाई, रानशेतच्या शाळेत गणित शिकवायच्या. क्लचची गाडी आपल्याला जमणार नाही, हे त्यांच्या घरात केव्हाच ठरून गेलेलं होतं. म्हणून ही ऑटोमॅटिक घेतली होती, आणि डहाणू ते रानशेत रोज त्याच चालवत होत्या.

"माझी दिवाळीची सुट्टी आहे," त्या म्हणाल्या. "मी येते तीन दिवस."

"अगं, पण..."

"दोष माझ्या पायात आहे ना? मग तो तपासायला मीच हवी."

*

दुसऱ्या दिवशी नयनाबाईंनी रूपीला गंजाडच्या नाक्यावर गाडीत घेतलं. भातं कापून झाली होती, खळ्यांवर पेंढ्यांच्या गंज्या रचलेल्या होत्या, आणि गवताचे भारे लादलेले टेम्पो सगळा रस्ता अडवून चालले होते. अशा रस्त्यावर गाडीला काही शिकवता येणार नव्हतं. म्हणून रूपीने त्यांना तलासरी ओलांडून झरीच्या बाजूला नेलं. तिकडे मधे मधे रिकामा रस्ता मिळायचा, थोडे चढउतारही होते.

"मागच्या सीटवर ताडीचं मडकं ठेवलंय असं समजा," रूपी म्हणाली. "सांडायचं नाही. पाय हळूच दाबा आणि दाबलेला तसाच ठेवा. साठपर्यंत जाऊ द्या. मग पाय काढा, ब्रेक न लावता गाडीला आपसूक मंदावू द्या. शेवटी पूर्ण थांबवा, आणि पुन्हा पहिल्यापासून."

नयनाबाईंनी पाय दाबला. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना गाडीने असा हिसका दिला, की त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"बघितलंत?"

"बघितलं. पुन्हा."

दहा वेळा झालं, वीस वेळा झालं. एका वळणावर शेळ्या राखणारा म्हातारा त्यांना चौथ्यांदा येताना बघून उठून उभाच राहिला. हरवलात का, असं त्याने हातानेच विचारलं.

"हे शिकणं म्हणजे नक्की काय?" नयनाबाईंनी विचारलं. शिकवण्याचा पेशा होता, त्यांना नीट कळायला हवं होतं.

रूपीने सांगितलं. गिअर बदलायला आत तेलाच्या दाबाने क्लच आवळावा लागतो. किती तेल, किती दाब, किती वेळ, हे कॉम्प्युटर अंदाजाने ठरवतो. जास्त झालं की धक्का, कमी झालं की इंजिन नुसतं ओरडतं. प्रत्येक वेळी तो आपली चूक मोजतो आणि पुढच्या वेळी थोडी सुधारतो. "म्हणून एका लयीत चालवायचं. दर वेळी पाय वेगळा पडला तर त्याने शिकायचं कशावरून?"

नयनाबाईंनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

"हे साहेबांना तुम्ही सांगितलं होतंत?"

"हो. तुम्हाला सांगा, असंही म्हटलं होतं."

"त्यांनी सांगितलं मला," नयनाबाई हळू म्हणाल्या. "जेवताना. गॅरेजातली एक बाई म्हणते गाडी शाळेत जाते, म्हणून हसले. मीही हसले. आणि काल तुमच्यासमोर ते म्हणाले, कुणी काही सांगितलं नाही."

माणूस खोटं बोलला हे रूपीला कालच माहीत होतं. त्याच्या बायकोला ते कळताना बघणं मात्र तिने मागितलं नव्हतं.

"चला मॅडम," ती म्हणाली. "अजून पुष्कळ फेऱ्या आहेत."

पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत धक्का होताच, पण चष्मा जागेवर राहू लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी झरीच्या चढावर गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात कधी गेली ते दोघींनाही कळलं नाही. नयनाबाईंनी अविश्वासाने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तसंच. त्यांनी स्टिअरिंगवर दोन्ही तळवे आपटले आणि पोरीसारख्या हसल्या. त्यांचा पाय ठणठणीत होता.

"आता फक्त ते सकाळचं राहिलं," त्या म्हणाल्या.

"सकाळचं काय?"

"फाटकातून गाडी मागे घेताना. रिव्हर्स टाकला की काहीच होत नाही. एक, दोन, तीन मोजावं लागतं, मग धाडकन जाते. तेही शिकतेय ना?"

रूपी हो म्हणायला गेली आणि थबकली. "परवापेक्षा आज कमी झालं?"

"नाही. तेवढंच आहे."

रात्री पाड्यावर जेवताना रूपीचं भाकरीवर लक्ष नव्हतं. शिकण्यातला दोष फेऱ्यांनी कमी होतो. हा होत नव्हता. शिवाय फक्त सकाळी, गाडी गार असतानाच.

तिसऱ्या दिवशी ती उजाडताच मोटरसायकलने डहाणूला गेली. चिकूच्या वाड्यांत थंडी साचलेली होती. नयनाबाईंनी तिच्यासमोर गाडी चालू केली, रिव्हर्स टाकला. एक. दोन. तीन. धाड.

रूपीने डोळे मिटून घेतले. तिला तो दिवस आठवला. गाडी तयार होऊन चाचणीची फेरी मारून आली होती, साहेब मनगटावरचं घड्याळ बघत उभे होते, नविनभाई म्हणत होते, "जल्दी कर, जल्दी." तेलाची पातळी बघायचा एक बोल्ट गिअरबॉक्सच्या बुडाशी असतो. इंजिन चालू ठेवून, तेल चाळीस डिग्रीच्या आसपास असताना तो उघडायचा. जास्तीचं तेल गळून जातं आणि बरोबर हवं तेवढं राहतं. त्या दिवशी स्कॅनरवर अडुसष्ट डिग्री होते. तिने पाहिले होते, तरी बोल्ट उघडला होता. तापलेलं तेल फुगलेलं असतं, त्यामुळे जास्तीच्या नावाखाली कामाचं तेलही गळून गेलं. मग गाडी गार झाल्यावर पातळी खाली बसली आणि पंपाला सकाळी तेल पोचायला तीन आकडे लागू लागले.

ही चूक तिची होती.

"सापडलं?" नयनाबाईंनी विचारलं.

"सापडलं. माझंच आहे," रूपी म्हणाली. "चला, गॅरेजात सगळ्यांसमोर दाखवते."

वाटेत तिने नविनभाईंना फोन करून सांगितलं. ते कुजबुजले, "अरे गांडी, वेडी झालीस का, बोलतेस काय! धक्का गेला ना? मग गुपचूप अर्धा लिटर घाल आणि सांग, गाडी शिकली. कोणाला समजणार?"

"मला समजलंय ना."

"रूपी, ए माणस आपल्याला जगू देणार नाही."

"साहेबांना बोलवा. चिमणभाईंनाही बोलवा," असं म्हणून तिने फोन ठेवला. शेजारी नयनाबाई गाडी चालवत होत्या, फोनमधला आवाज त्यांनाही ऐकू आला होता. त्यांनी दाबलेला पाय तसाच ठेवून एका लयीत गाडी तलासरीला नेली.

*

दहा वाजता सगळे जमले. रूपीने गाडी लिफ्टवर चढवून पातळीत घेतली, स्कॅनर लावला. आकडा होता एकाहत्तर.

"आता थांबायचं," ती म्हणाली.

"किती?" साहेबांनी विचारलं.

"गार होईपर्यंत. दोन तास, कदाचित जास्त."

"मला एक वाजता मीटिंग आहे."

"मग साहेब, तुम्ही जाऊन या. मागच्या वेळी तुमच्या घाईसाठी मी बोल्ट गरम असताना उघडला. आज नाही उघडणार."

नविनभाई तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेऊ लागले. साहेब गेले नाहीत. खुर्ची ओढून बसले, फोनवर लोकांना झापत राहिले, दर पंधरा मिनिटांनी "झालं का?" विचारत राहिले. प्रत्येक वेळी रूपीने स्कॅनरवरचा आकडा मोठ्याने वाचून दाखवला आणि पुन्हा पिकअपच्या कामाला लागली. चिमणभाई उठून स्कॅनरजवळ येऊन बसले आणि आकडे बघत राहिले.

साडेबारानंतर, आकडा चाळिशीच्या खाली उतरल्यावर तिने इंजिन चालू केलं, तो चढत चाळीसवर आला, आणि तिने बोल्ट उघडला. एक थेंबही आला नाही. चिमणभाईंनी वाकून पाहिलं. तिने पंपाने तेल भरायला घेतलं. भोकातून बारीक धार सुटेपर्यंत सहाशे मिली आत गेलं. बोल्ट आवळून, हात पुसून ती सगळ्यांसमोर उभी राहिली.

"तेल कमी होतं. पातळी मी चुकीच्या वेळी पाहिली. सकाळी रिव्हर्स उशिरा पडत होता तो ह्यामुळे, आणि ती चूक माझी. धक्के मात्र गाडीच्या शिकण्याचे होते. ते गेले, मॅडमना विचारा."

साहेब खुर्चीतून उठले. त्यांना हवं ते हातात मिळालं होतं. "ऐकलंत नविनभाई? कबूल केलं. मला हे लेखी पाहिजे. गाडी चुकीची दुरुस्त केली, आणि नेताना कसलीही सूचना दिली नाही, असं लिहा आणि सही करा."

नविनभाईंनी लगेच लेटरहेड आणि पेन आणलं. "लिही रूपी. लिहून टाक, पती गयू, विषय संपला."

रूपीने कागद पिकअपच्या बॉनेटवर ठेवला. काळ्या बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून मनगट उचलून धरलं आणि सावकाश लिहिलं. मग वाचून दाखवलं.

"गिअरबॉक्सचं तेल गरम असताना पातळी तपासली, त्यामुळे सहाशे मिली तेल कमी राहिलं. ही चूक माझी आहे. गाडी नेताना वासुदेवसाहेबांना सूचना दिली होती, ती त्यांनी पाळली नाही. रूपी."

"हे काय लिहिलंय?" साहेबांचा चेहरा लाल झाला. "शेवटचं वाक्य खोडा."

"खोडणार नाही."

"नविनभाई, ही तुमच्याकडे काम करते का तुम्ही हिच्याकडे?"

"रूपी, एक लाइनच तर छे..."

"एकच आहे. म्हणूनच खोडत नाही," रूपी म्हणाली. "माझी चूक मी लपवली नाही ना? मग साहेबांची मी कशाला अंगावर घेऊ?"

"तुमच्या लोकांना जरा कुठे शिकवलं..." साहेबांनी सुरू केलं.

"गाडी शाळेत जाते," नयनाबाई म्हणाल्या.

साहेब वळले.

"जेवताना सांगितलंत तुम्ही मला. गॅरेजातली बाई म्हणते गाडी शाळेत जाते. वरणभाताला होतो आपण. सूचना दिली नव्हती, तर मग तुम्ही हसत कशावर होतात?"

"नयना, इथे हा विषय नको."

"इथेच काढलात तुम्ही. माझ्या पायाचा दोषही इथेच काढला होतात, सगळ्यांसमोर." त्यांनी पर्समधून पेन काढलं, चष्मा वर सरकवला आणि रूपीच्या सहीखाली साक्षीदार म्हणून आपलं पूर्ण नाव लिहिलं. वर्गात फळ्यावर लिहावं तसं टपोरं. "घ्या. लेखी हवं होतं ना?"

साहेबांनी कागद घेतला नाही. गाडी लिफ्टवरून उतरली, तेव्हा नयनाबाई स्टिअरिंगवर बसल्या. साहेब दोन मिनिटं उन्हात उभे राहिले, मग शेजारच्या सीटवर जाऊन बसले. गाडी हायवेला लागली आणि गवताच्या टेम्पोंमागे दिसेनाशी झाली.

नविनभाईंनी रूपीला आठ दिवस घरी बसायला सांगितलं, प्रकरण थंड होईपर्यंत. ती दुसऱ्या दिवशी साडेआठला शेडात हजर. "काढायचं असेल तर काढा," ती म्हणाली, "पण मी होऊन घरी बसणार नाही." त्यांनी काढलं नाही. आठवडाभर बोलले नाहीत एवढंच. काम सांगायचं असलं की गाडीकडे बोट दाखवायचे. पुढे शेडच्या मागच्या भागाबद्दल एक नोटीस आली आणि नविनभाईंना चार खेपा डहाणूला घालाव्या लागल्या. प्रत्येक खेपेनंतर ते रूपीकडे असे बघायचे, की तिने मान खाली घालावी. तिने घातली नाही. त्या भागाचे पत्रे त्यांनी सात वर्षांपूर्वी ठोकले होते, तेव्हाच तिने कागद करून घ्या म्हटलं होतं.

डिसेंबरात एका दुपारी वापीहून चिमणभाईंचा फोन आला. मागे इंजिन चालू असल्याचा आवाज येत होता. इकडची तिकडची विचारपूस झाली, हवापाणी झालं, मग ते खाकरले.

"एक ऑटोमॅटिक आलीय माझ्याकडे. तेल भरलंय. हे मशीन बावन्न दाखवतंय."

"तेल किती वर्षांनी बदललंत, काका?"

"ते सोड. उघडू का?"

"नाही," रूपी म्हणाली. "गिऱ्हाईक उभं आहे का समोर?"

"उभं आहे. ओरडतंय."

"ओरडू दे. इंजिन बंद करा आणि त्याला चहा पाजा."